रकाना क्रमांक सहा

बाणेदार माझ्या टेबलाशी आला तेव्हा मी एका घटस्फोटाच्या अर्जाची तिसरी प्रत काढत होते. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली आम्ही सात टायपिस्ट बसतो. तो सहा टेबलं ओलांडून माझ्याकडे आला, कारण इतक्या घाणेरड्या कामाला त्याला घरचंच माणूस हवं होतं. बाणेदार हे काही त्याचं खरं नाव नाही. तो एका दैनिकाचा संपादक आहे आणि दर वर्धापनदिनी आपल्या पत्रकारितेला स्वतःच बाणेदार म्हणवून घेतो, म्हणून आमच्या घरात त्याला हे नाव पडलं.

"ताई, एवढं जरा टाइप करून द्या. तीन प्रती," तो म्हणाला आणि हाताने लिहिलेला एक कागद त्याने माझ्यापुढे सरकवला.

मी वाचला. 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, पिण्याच्या पाण्यासंबंधीचा जो अहवाल मी प्रसिद्ध केला तो अस्तित्वात नाही. तो मी माझ्या कल्पनेने रचला. माझ्या संपादकांची मी दिशाभूल केली.' खाली सहीची जागा होती माझ्या धाकट्या भावाची.

"त्याला विचारलंत?"

"त्याच्या भल्यासाठीच आहे हो. सुनावणीच्या आत सही झाली की सरकार खटला मागे घेणार. मी वर शब्द टाकलाय."

"पहिल्या पानावर तुम्हीच छापलं होतंत ना ते?"

"छापलं म्हणजे... छापून आलं," बाणेदार म्हणाला.

वर्तमानपत्र हे पावसासारखं आपोआप पडतं असं त्याचं मत दिसलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, केस नीट मागे वळवलेला हा माणूस उभ्या उभ्या घामाने भिजला होता आणि तरी चेहरा असा की जणू तो माझ्यावर उपकार करायला आला आहे. टायपिस्टने मजकुराला हात लावायचा नसतो हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. पत्नीला सोडणाऱ्यांचे अर्ज मी टाइप केलेत, आईला घराबाहेर काढणाऱ्यांचेही केलेत. डावीकडे शिवणीपुरती जागा सोडून, दीड ओळीच्या अंतराने, मी माझ्या भावाचा माफीनामा टाइप केला आणि तीन प्रती त्याच्या हातात दिल्या. सुनावणीला पाच आठवडे होते.

आमच्या धाकट्याने काय केलं होतं ते सांगते, म्हणजे त्याला कशासाठी आत टाकलं ते कळेल. शहराच्या पूर्व भागात दोन वर्षांपूर्वी नव्या जलवाहिन्या टाकल्या. त्यानंतर पाणी खात्याच्या प्रयोगशाळेने घराघरांतून नमुने घेतले आणि त्यात शिसं निघालं. शिसं उकळून जात नाही, गाळून जात नाही. ते पोरांच्या अंगात साठतं आणि पोरं मंद होत जातात. हे सगळं एका अहवालात लिहून खात्याने तो कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. प्रयोगशाळेतल्या कुणाला तरी ते सहन झालं नसावं. त्याने झेरॉक्स काढून धाकट्याला दिली. धाकटा तीन आठवडे घरोघर फिरला, खात्याला सात वेळा प्रश्न पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही, मग त्याने लिहिलं. पूर्व भागात आम्हीही राहतो, हेही सांगायला हवं.

बातमी आली त्याच दिवशी दुपारी पोलीस आले. लोकहित माहिती सुरक्षा कायदा, कलम नऊ, खोटी माहिती पसरवणे, शिक्षा पाच वर्षं. हा कायदा आला तेव्हा शहरातल्या सगळ्या दैनिकांनी त्याचं स्वागत केलं होतं, बाणेदारने तर दोन कॉलमी अग्रलेख लिहून केलं होतं. पोलिसांनी धाकट्याकडची झेरॉक्स उचलली, संगणक उचलला, त्याच्या पोरीची चित्रकलेची वही सुद्धा उचलली. पंचनाम्यात अहवालाची नोंद केली 'काही कागद' अशी. चौथ्या दिवशी पाणी खात्याने पत्रक काढलं की असा अहवाल कधी तयारच झालेला नाही. पाचव्या दिवशी बाणेदारने दिलगिरी छापली. आत तिसऱ्या पानावर, बनियनच्या जाहिरातीखाली.

माफीनामा घेऊन तुरुंगात गेले बाणेदारचे वकील. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भेटीच्या वारी. जाळीच्या पलीकडे धाकटा येऊन बसला. चार महिन्यांत त्याची मान बारीक झाली होती आणि एक दाढ दुखत होती म्हणून तो गाल धरून बोलत होता.

"केलीस सही?" मी विचारलं.

"नाही अजून. ताई, पानं किती होती गं?"

"कसली पानं?"

"अहवालाची. मला कधी तेरा आठवतात, कधी चौदा. हे लोक रोज विचारतात. किती पानं होती, शिक्का गोल होता का चौकोनी, सही निळ्या शाईत होती का काळ्या. मी रोज काहीतरी वेगळंच सांगतो. मग ते हसतात. म्हणतात, बघा, रचलेली गोष्ट अशीच असते, दर वेळी बदलते." त्याने गाल दाबला. "आता मला कधीकधी वाटतं की खरंच का मी..."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"तू पाहिला होतास का तो?"

"नाही."

"कुणीच पाहिला नाही गं. मी एकट्यानेच."

मी बसने घरी येताना तोंड खिडकीकडे करून रडले. राग त्याहून जास्त आला होता. माणसाला मारून कबूल करायला लावायचं हे मला कळतं, जुनंच आहे ते. पण हे भिकारडे लोक त्याच्या डोक्यात शिरून त्याच्या आठवणीतून एकेक पान फाडत होते, आणि तेही कसली हुशारी नसताना, नुसत्या चिवटपणाने. त्याने पाच वर्षं काढली असती. पण आपण लबाड आहोत असं स्वतःला वाटत घरी आला असता तर तो पुन्हा कधी उभा राहिला नसता, एवढं मी त्याला लहानपणापासून ओळखते.

भावजयीला हे पटत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते, आणि तिला माझी बडबड ऐकायला वेळ नव्हता. "सही करू दे त्यांना," ती म्हणाली. "खरं काय ते आपल्या चौघांना माहीत आहे. बास झालं. पोर शाळेत जात नाही म्हणते. मुलं तिला म्हणतात, तुझे बाबा खोटारडे."

"म्हणजे त्याने लिहून द्यायचं, हो, मी खोटारडा?"

"हो! लिहून द्यायचं आणि घरी यायचं. तुम्हाला भाऊ हवाय का पुतळा हवाय, ताई?"

तिला पटवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मूळ अहवाल कपाटात होता आणि झेरॉक्स पोलिसांकडे.

त्या आठवड्यात रकानेसाहेब आले. हेही टोपणनावच, अख्ख्या आवाराने ठेवलेलं. सरकारी माहिती कक्षात ते वरिष्ठ लिपिक आहेत. माहिती मागण्याचा कायदा आमच्याकडे अजून जिवंत आहे, म्हणजे तो मेल्याचं कुणी जाहीर केलेलं नाही एवढंच. लोक अर्ज करतात, तीस दिवसांच्या आत नकार येतो, आणि ते नकार लिहिण्याचं काम रकानेसाहेब करतात. दर वर्षी ते गुणवंत कर्मचारी पुरस्कारासाठी अर्ज करतात आणि तो माझ्याकडून टाइप करून घेतात. दर वर्षी तो पुरस्कार कुणाच्या तरी मेव्हण्याला मिळतो.

"तिसरा परिच्छेद ठळक करा," ते खुर्ची रुमालाने पुसून बसत म्हणाले. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'एकोणीस वर्षांच्या सेवेत माझ्या हातून गेलेल्या एकाही छापील नमुन्यात एकही रकाना रिकामा राहिलेला नाही.'

माझं डोकं त्या दिवशी फिरलेलंच होतं. मी म्हटलं, "लोकांना नाही म्हणायला कसले हो रकाने लागतात? एक शिक्का मारला की झालं."

त्यांना ते भलतंच लागलं. "असं कसं बाई! नमुना आहे त्याला. आठ रकाने आहेत. एक ते पाच अर्जदाराचे. सहावा सगळ्यात महत्त्वाचा. नाकारलेल्या कागदाचं संपूर्ण वर्णन. तारीख, पानं, कुणाच्या सहीचा, विषय काय, कुठे ठेवलाय. सातवा कारणाचा, आठवा सहीचा."

"नाकारायचाच आहे तर वर्णन कशाला?"

"अहो, वर्णनच नसेल तर काय नाकारलं हे कसं कळणार?" ते मला एखाद्या बिनडोक पोरीला समजवावं तसं समजावत होते. "एकदा आमच्यातल्या एकाने सहावा रिकामा सोडला होता. वरून कागद परत आला. लाल शाईने 'अपूर्ण' असा शेरा. सगळ्या कार्यालयासमोर! तेव्हापासून मी ज्या त्या खात्याकडून त्यांच्या सूचीची नोंद मागवतो आणि अक्षर न् अक्षर उतरवून काढतो."

"आणि वरचे साहेब ते वाचतात?"

"सगळे रकाने भरलेत का ते बघतात ना," रकानेसाहेब अभिमानाने म्हणाले.

माझे हात की-बोर्डवर थांबले. मी त्यांचा तिसरा परिच्छेद ठळक केला, वर अक्षर एका अंकाने मोठं केलं, आणि त्यांना इतकं गोड हसून निरोप दिला की शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट माझ्याकडे बघतच राहिला.

सरकार कलम नऊवर का अडून बसलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. गोपनीय माहिती फोडण्यासाठी वेगळं कलम आहे, अकरा. त्याला शिक्षा तीन वर्षं. पण ते लावायचं तर आधी अहवाल आहे असं कबूल करावं लागलं असतं, म्हणून त्यांनी तो नाहीच असं ठरवून टाकलं. आता ठरवलं कुणी? मंत्र्याने, खात्याच्या प्रमुखाने, फार तर त्याच्या सचिवाने. खोटं बोलायचा हुकूम वरच्या मजल्यावर निघाला होता. तळघरात बसून सूची लिहिणाऱ्या माणसाला तो कुणी कळवला असेल असं मला वाटेना. ह्या लोकांना खालच्या माणसाशी बोलायची सवयच नसते.

मी अर्ज केला. 'अहवाल खरा आहे काय' असं विचारलं असतं तर 'माहिती उपलब्ध नाही' असं एका ओळीत आलं असतं. मी साधंसरळ लिहिलं: पूर्व विभागातील पाण्याच्या तपासणीचे गेल्या दोन वर्षांतील सर्व अहवाल, प्रती मिळाव्यात. माझं आडनाव सासरचं, व्यवसाय टायपिस्ट. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. पोच घेतली आणि दिवस मोजायला लागले.

घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भावजयीने विचारलं असतं, त्याने काय होणार, आणि मला स्वतःलाही खात्री नव्हती. ह्या तीस दिवसांत बाणेदारने दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "ताई, तुम्ही त्याला हट्टाला पेटवताय. आमच्याही अडचणी समजून घ्या. पेपर चालला पाहिजे ना!" मी विचारलं, कशासाठी. त्याने फोन ठेवला.

पत्र आलं सुनावणीच्या आदल्या दिवशी, सकाळच्या टपालाने. मी ते टेबलावरच उघडलं. रकानेसाहेबांचं ते सुरेख, गोल अक्षर. रकाना सहा: 'पूर्व विभाग जलवाहिनी नमुना तपासणी अहवाल. पाने चौदा. मुख्य रसायनतज्ज्ञ यांच्या सहीचा. विषय: बावीसपैकी सतरा नमुन्यांत शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याबाबत. मूळ प्रत कपाट क्रमांक तीन.' रकाना सात, नाकारण्याचे कारण: 'गोपनीय. प्रसिद्ध झाल्यास नागरिकांत घबराट पसरेल.' रकाना आठमध्ये वरच्या साहेबांची लांबलचक सही आणि त्यावर शिक्का.

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना कळू नये म्हणून ज्यांनी अख्खा कायदा केला, त्यांनी सगळं काही सुवाच्य अक्षरात, सहीशिक्क्यानिशी, टपालाने माझ्या टेबलापर्यंत पोचवलं होतं. रकाना रिकामा राहू नये म्हणून.

ते पत्र घेऊन मी धावतच आमच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं, खाली बसल्या, आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला कुणी कळवलं नाही का? तुमच्या भावाने काल सही केली. माफीनामा उद्या कोर्टापुढे ठेवणार आहेत."

मला धाकट्याची किळस आली. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं खरं. पाच महिने थांबला आणि आणखी एक दिवस थांबवलं नाही ह्या शेळपटाला, असं माझ्या मनात आलं, आणि त्याच्या दुखऱ्या दाढेची आठवण मला पार संध्याकाळी झाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाची खोली भरलेली होती. पूर्व भागातले बरेच लोक आले होते, मागे भिंतीला टेकून उभे होते. बाणेदार पहिल्या रांगेत. भावजय पोरीला शेजारणीकडे ठेवून आली होती, नवी पिशवी घेऊन, त्यात धाकट्याचे धुतलेले कपडे. ती माझ्याशेजारी बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "आज येतील ते घरी." मी तिला पत्राचं सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

सरकारी वकील उठले, माफीनामा वाचून दाखवला, सरकार मोठ्या मनाने खटला मागे घेत असल्याचं सांगितलं. ते खाली बसायच्या आत वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पत्र पुढे केलं.

न्यायाधीश काही फार धाडसी गृहस्थ नव्हते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि ते त्यांना कुणाच्याही भांडणात न पडता काढायचे होते, हे आवारात सगळ्यांना माहीत होतं. पण वाचता त्यांना येत होतं. त्यांनी चष्मा वर करून पत्र वाचलं आणि सरकारी वकिलांना विचारलं, "हा शिक्का माहिती कक्षाचाच ना?"

"साहेब, तो कागद ग्राह्य धरता येणार नाही. अहवाल अस्तित्वातच नाही."

"मग कपाट क्रमांक तीनमध्ये काय आहे?"

"कपाटात जे आहे ते गोपनीय आहे, साहेब."

"म्हणजे काहीतरी आहे."

मागच्या भिंतीकडून कुणीतरी हसलं. सरकारी वकिलांचा तोल गेला. आवाज चढवून ते म्हणाले, "साहेब, ती आकडेवारी बाहेर आली तर शहरात हाहाकार माजेल! म्हणून तर तो अहवाल बंद ठेवलाय!"

आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. न्यायाधीशांच्या हातात पाण्याचा पेला होता, अर्ध्या वाटेत. त्यांनी तो परत टेबलावर ठेवला आणि वर झाकण घातलं. ते सगळ्यांनी पाहिलं.

मग ते धाकट्याकडे वळले. पत्र त्याच्याकडे द्यायला सांगितलं. म्हणाले, "नीट ऐका. माफीनाम्यावर तुम्ही कायम असाल तर सरकारने खटला मागे घेतलाय, आत्ता घरी जाऊ शकता. कायम नसाल तर कलम नऊ टिकत नाही, पण सरकार कलम अकरा लावायला मोकळं आहे. आणि ते लावतील. समजतंय?"

धाकटा पत्र वाचत होता. खूप वेळ वाचत होता. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि तो पिंजऱ्यातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, चौदाच होती गं."

त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. भावजयीने माझा हात सोडला. ती त्याच्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होती, नाही, नाही, नाही. तो तिच्याकडेही बघत राहिला. मी त्या क्षणी काय मागत होते ते मला आजही सांगता येत नाही.

"साहेब," धाकटा म्हणाला, "अहवाल खरा आहे. मी पाहिलाय. माफीनामा खोटा आहे. मी घाबरून सही केली."

कलम नऊ गेलं. कलम अकराचा अर्ज सरकारी वकिलांनी तिथेच, हाताने लिहून दिला. घाईत त्यांना कागदसुद्धा मिळेना, तो बाणेदारने आपल्या वहीतला फाडून दिला. धाकट्याला पुन्हा गाडीत बसवलं. जाताना तो ताठ चालत होता आणि गाल धरलेला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर भावजय माझ्यासमोर उभी राहिली. पिशवी तिच्या हातात तशीच होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "ते घरी येत होते, ताई. दारापर्यंत आले होते. तुमचा कागद जिंकला."

बाणेदारला, सरकारी वकिलाला, रकानेसाहेबांना, सगळ्यांना घालूनपाडून बोलायला माझ्याकडे हजार शब्द असतात. तिला द्यायला एकही नव्हता. माझ्या भावाला खोटारडा म्हणवून घ्यावं लागू नये असं मला वाटत होतं हे खरंच. पण त्या सगळ्या बदमाशांना उघडं पाडण्याचा मला जो आनंद झाला होता, तोही खरा होता. आणि त्याची किंमत भावजय भरणार होती. मला माझी लाज वाटली. ती पिशवी छातीशी धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी एकाही वर्तमानपत्रात काही नव्हतं. बाणेदारच्या पहिल्या पानावर पुष्पप्रदर्शनाचा रंगीत फोटो होता, त्यात महापौर एका डेलियाच्या फुलाला हात लावून उभे. मी तो अंक टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घातला.

मी मान खाली घालून कुणाचंतरी भाडेपत्र टाइप करत होते तेव्हा समोरची खुर्ची ओढली गेली. भावजय होती. दुकानाच्या गणवेशात होती, म्हणजे कामावर न जाता इकडे आली होती. डोळे सुजले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते पत्र ज्याने आलं तो अर्ज असतो ना, तो माझ्या नावाने लिहा."

"अगं, नकारच येतो त्याला."

"माहीत आहे. तोच हवाय मला. सहीशिक्क्याचा. माझ्या नावावर, घरच्या पत्त्यावर."

मी नवा अर्ज उघडला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. अर्जात एक ओळ असते, माहिती कशासाठी हवी. ती मी नेहमी 'वैयक्तिक' अशी भरते.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, माझा नवरा ज्याच्यासाठी तुरुंगात आहे ते मला माझ्या मुलीला दाखवायचंय."

मी लिहिलं. प्रत काढून तिच्यापुढे ठेवली. तिने सही केली आणि उठून बाजूला झाली, तेव्हा मला दिसलं की तिच्या मागे पूर्व भागातले दहा-बाराजण उभे होते, आणि फाटकातून आणखी येत होते.